मांजराचे पथ्यपाणी

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "मांजराचे मूत्र आणि मांजराचे वजन" असे सरळ सांगून टाकले. त्यांनी ते एकदा लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले आणि पुन्हा खोडले. संध्याकाळच्या सभेस मुलेबाळे व वडीलधारी मंडळी येतात, असे त्यांचे म्हणणे पडले. अखेर "मांजराचे पथ्यपाणी" या नावावर तडजोड झाली. ती झाली हे एका परीने बरेच झाले, कारण या प्रकरणात पथ्य निम्मे आहे आणि पाणी निम्मे आहे. किंबहुना पाण्याचाच वाटा थोडा अधिक आहे, असे आमचे मत बनले आहे.

हे मत आम्हांस फुकट मिळालेले नाही. आमच्या घरी एक बोका आहे. वर्षाचा झाल्यावर त्याला खच्ची करून आणला आणि पुढे पाच वर्षे त्याच्यापुढे कोरड्या खाद्याची वाटी कधी रिकामी म्हणून ठेवली नाही. बोका गुटगुटीत झाला. पाहुणे कौतुक करीत आणि आम्हीही ते कौतुक आपलेच समजून घेत असू. एका शनिवारी रात्री तो आपल्या मातीच्या तबकात जाऊन बसू लागला. बसे, कुंथे, बाहेर येई, पुन्हा जाई. आम्ही निदान केले की स्वारीला मलावरोध झाला आहे. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी कोमट तूप पाजण्याचा उपाय सुचविला व तो अमलातही आणला. रविवारी दुपारी बोका कोपऱ्यात निपचित पडला. त्याचे पोट हाताला लागताच तो ओरडला, आणि मग आमची धावपळ सुरू झाली. पशुवैद्यांनी पोटाला हात लावला मात्र, ते म्हणाले, "हा मलावरोध नाही. याची लघवी तुंबली आहे. आणखी एक रात्र काढली असती तर तुम्ही याला येथे आणण्याची गरज राहिली नसती."

मांजर पाळणाऱ्याने बाकी सारे विसरले तरी चालेल, पण एवढे लक्षात ठेवावे. बोका वारंवार तबकात जाऊन कुंथतो आणि लघवी होत नाही किंवा थेंब थेंब होते, तर ते रात्र संपेपर्यंत वाट पाहण्याचे दुखणे नव्हे. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे निमुळता होत जातो व तेथे त्याची रुंदी एक मिलिमीटरहूनही कमी असते. भाटीचा मार्ग आखूड आणि रुंद असतो, म्हणून तिला खडे झाले तरी ती सहसा तुंबत नाही. बोक्याच्या त्या चिंचोळ्या गल्लीत वाळूसारखे बारीक स्फटिक आणि चिकट स्राव यांचे बूच बसले की मूत्राशय फुगत जातो, मूत्रपिंडांचे काम थांबते, रक्तातले पोटॅशियम चढते आणि त्याने हृदयाची गती बिघडते. एकदोन दिवसांत प्रकरण प्राणावर येते. आहाराने रोग टाळता येतो, पुष्कळदा परतविताही येतो, परंतु तुंबलेला बोका आहाराने मोकळा होत नाही. तेथे पशुवैद्याची नळीच लागते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मांजरालाच हे दुखणे का व्हावे?

आपल्या घरातील मांजराचा पूर्वज हा आफ्रिका व पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातला रानमांजर होय. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या या प्राण्याने पाण्याची सोय शिकारीतूनच लावून घेतली. उंदराच्या शरीराचा सुमारे दोन-तृतीयांश भाग पाणीच असतो. दिवसाकाठी आठदहा उंदीर मिळाले की अन्नही झाले आणि पाणीही झाले. पाणवठा शोधीत हिंडण्याची गरज त्याला क्वचितच पडे. यातून मांजराला दोन वारसे मिळाले. पहिला असा की त्याची मूत्रपिंडे पाणी फार काटकसरीने वापरतात व मूत्र अतिशय दाट करून सोडतात. दुसरा असा की त्याला तहान उशिरा लागते. कुत्रा पाणी दिसले की लपालपा पितो. मांजर वाटीजवळ जाते, वास घेते आणि निघून जाते. वाळवंटात हे दोन्ही गुण तारक होते. पण हेच मांजर तिसऱ्या मजल्यावर आणून बसवा आणि त्याच्यापुढे उंदराऐवजी कोरड्या गोळ्या ठेवा. आता तेच गुण उलटतात.

हिशेब साधा आहे. चार किलो वजनाच्या मांजराला सर्व मार्गांनी मिळून दिवसाला २०० ते २५० मिलिलिटर पाणी लागते. कोरड्या खाद्यात पाण्याचा अंश शंभरात आठदहा एवढाच. म्हणजे ६० ग्रॅम गोळ्यांतून त्याला जेमतेम एक चमचाभर पाणी मिळाले. डबाबंद किंवा पुडीतल्या ओल्या खाद्यात मात्र शंभरात पंचाहत्तर ते ऐंशी भाग पाणी असते. तेवढीच भूक भागविण्यास २५० ग्रॅमच्या आसपास ओले खाद्य लागते व त्यातून जवळजवळ १९० मिलिलिटर पाणी न पिताच पोटात जाते. कोरडे खाणारे मांजर वाटीतले पाणी अधिक पिते हे खरे, परंतु ते वाढीव पिणे ही तूट पुरती भरून काढीत नाही. परिणामी मूत्र कमी आणि दाट होते व मूत्राशयात बराच वेळ साचून राहते. साखरेचा पाक आटवीत नेला की खडीसाखर धरते, तसेच हे समजावे.

हे खडे कशाचे असतात, याची हकीकत मोठी मनोरंजक आहे आणि आहारशास्त्राने तिच्यात एकदा ठेचही खाल्ली आहे.

मांजरांत आढळणारा एक प्रमुख खडा म्हणजे स्ट्रुव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचा हा स्फटिक. खनिज म्हणून त्याचे वर्णन १८४५ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी झाले, तेही जुन्या शेणामातीच्या थरांत सापडला म्हणून. उकिरड्यातून शास्त्रज्ञांच्या टेबलावर आणि तेथून बोक्याच्या मूत्राशयात, असा याचा उलटासुलटा प्रवास आहे. दुसरा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा. माणसाला होणाऱ्या मुतखड्यांत हाच पुष्कळदा असतो.

अमेरिकेत १९४७ साली एडवर्ड लो नावाच्या गृहस्थाने मांजराच्या तबकासाठी सुकी माती विकावयास काढली आणि मांजराला रात्री घराबाहेर सोडण्याची गरज उरली नाही. पुढच्या दशकात यंत्रातून फुलवून काढलेले कोरडे खाद्य बाजारात आले. मांजर घरात कोंडले गेले आणि त्याचे ताट कोरडे झाले. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर काही वर्षांतच लघवी तुंबलेले बोके दवाखान्यांत येऊ लागले. दोष कोणाला द्यावयाचा? प्रथम दोष राखेला दिला गेला. अन्न जाळले की जी खनिजे मागे उरतात तिला शास्त्रात राख म्हणतात. "कमी राखेचे" अशी जाहिरात खाद्याच्या वेष्टनांवर झळकू लागली. पण राख म्हणजे सर्व खनिजांची खिचडी. तीत खडा करणारे कोणते आणि निरुपद्रवी कोणते, हे राखेच्या आकड्यावरून कळत नाही. मग संशय मॅग्नेशियमवर आला व त्याचे प्रमाण कमी करण्यात आले.

येथे एक सुरेख प्रयोग झाला. मांजरांच्या अन्नात मॅग्नेशियम ऑक्साइडच्या रूपाने घातले, तेव्हा मूत्र अल्कधर्मी झाले व स्ट्रुव्हाइटचे स्फटिक दिसले. मॅग्नेशियम क्लोराइडच्या रूपाने दिले, तेव्हा मूत्र आम्लधर्मी राहिले व स्फटिक झाले नाहीत. मॅग्नेशियम दोन्हीकडे होते. फरक होता तो मूत्राच्या आम्लतेचा. रसायनशास्त्रात आम्लता सामूने मोजतात. सामू सात म्हणजे उदासीन, खाली गेला की आम्ल, वर गेला की अल्कधर्मी. मूत्राचा सामू साडेसहाच्या खाली टिकून राहिला तर स्ट्रुव्हाइट बनत तर नाहीच, उलट बनलेला विरघळू लागतो. मांस खाणाऱ्या प्राण्याचे मूत्र मुळातच आम्लधर्मी असते, कारण मांसातील गंधकयुक्त अमिनो आम्लांचे शरीरात ज्वलन होऊन आम्ल निर्माण होते. धान्य आणि वनस्पती अधिक असलेले अन्न मूत्र अल्कधर्मी करते. म्हणजे उंदीर खाणाऱ्या मांजराने जे आपोआप साधले होते, ते कारखान्याने धान्य मिसळून बिघडविले आणि मग वरून आम्ल घालून दुरुस्त केले!

ही दुरुस्ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्रास झाली. खाद्ये आम्लकारी झाली, मॅग्नेशियम घटले आणि स्ट्रुव्हाइट हटला. पण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्राकडे देशभरातून खडे तपासणीस येत असत, त्यांची नोंद पाहावी. १९८१ साली मांजरांच्या शंभर खड्यांत सुमारे ७८ स्ट्रुव्हाइटचे होते आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे अवघे दोन. २००२ च्या सुमारास पारडे उलटले होते. निम्म्याहून अधिक खडे ऑक्झलेटचे आणि एक-तृतीयांश स्ट्रुव्हाइटचे! संशोधकांचा तर्क असा की शरीरात आम्ल फार झाले की हाडांतील कॅल्शियम निघून मूत्रात उतरते, आणि मॅग्नेशियम, ज्याला आपण शत्रू समजून हाकलले, ते ऑक्झलेटचा खडा धरू न देण्यास थोडी मदत करीत होते. पुढे खाद्यांचे सूत्र पुन्हा सावरले गेले व स्ट्रुव्हाइटचे प्रमाण परत वाढले. दोहोंत फरक असा की स्ट्रुव्हाइट योग्य आहाराने काही आठवड्यांत विरघळतो. ऑक्झलेट विरघळत नाही, तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

म्हणून दुकानात जाऊन "लघवीचे खाद्य" मागणारांस आमची विनंती आहे की आधी खडा कोणता, हे पशुवैद्याकडून ठरवून घ्यावे. ताजे मूत्र तपासावे. बाटलीत भरून दिवसभर शीतकपाटात ठेवलेल्या मूत्रात नसलेले स्फटिकही तयार होतात आणि भलतेच निदान होते. क्ष-किरणाचे चित्र काढावे. स्ट्रुव्हाइटवरचे आम्लकारी पथ्य ऑक्झलेटवाल्यास चालू नये, मूत्रपिंडे अधू झालेल्या म्हाताऱ्या मांजरास चालू नये आणि पिलांना तर मुळीच चालू नये. दोन्ही खड्यांना आणि निरोगी मांजरालाही सारखेच मानवते ते एकच औषध, पाणी. पातळ मूत्रात कोणताच स्फटिक सहजी धरत नाही.

येथवर ऐकून कोणाचा समज होईल की लघवीचे प्रत्येक दुखणे खड्याचे असते. तसे नाही. लघवीची तक्रार घेऊन आलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक मांजरांत खडाही सापडत नाही आणि जंतूही सापडत नाहीत. मूत्राशयाचा दाह तेवढा असतो. त्याचे मूळ बऱ्याच अंशी मनःस्तापात असते, हे आता मान्य झाले आहे. घरात दुसरे मांजर आले, घर बदलले, रंगारी आले, तबक अस्वच्छ राहिले, एवढे कारण पुरते. "मांजराला कसला आला आहे मनःस्ताप?" असे विचारणाऱ्याने दिवाळीच्या चार दिवसांत पलंगाखाली डोकावून पाहावे. पण गंमत अशी की येथेही पाणी उपयोगी पडते. अशा दाहाच्या थोड्या मांजरांची एक वर्षभर पाहणी झाली. कोरडे खाणाऱ्यांपैकी शंभरी ३९ मांजरांना दुखणे उलटले आणि त्याच प्रकारचे ओले खाणाऱ्यांपैकी शंभरी ११ जणांनाच. घरात जितकी मांजरे तितकी तबके आणि वर एक, हा नियमही आम्ही येथेच सांगून ठेवतो. पाण्याच्या वाट्या रुंद असाव्यात, दोनतीन ठिकाणी असाव्यात आणि तबकापासून दूर असाव्यात. काहींना वाहते पाणी आवडते. सर्वांनाच आवडते असे नाही.

आता वजन. लघवी तुंबणाऱ्या बोक्यांचे वर्णन पशुवैद्य डोळे मिटून सांगतात: खच्ची केलेला, घरकोंबडा, कोरडे खाणारा आणि लठ्ठ. लठ्ठ मांजर हलत नाही, तबकाकडे जाण्याचाही त्याला कंटाळा, पाण्याकडे जाण्याचाही कंटाळा. शिवाय मधुमेह आणि सांधेदुखी ही लठ्ठपणाची नेहमीची भावंडे मांजरातही आहेतच.

चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. खच्ची केल्यानंतर गरज सुमारे पावपट घटते आणि भूक मात्र वाढते. ताट तेवढेच ठेवले की उरलेले अंगावर चढते. किती? रोज दहा कॅलरी जास्त झाल्या असे धरू. कोरड्या खाद्याचे ते तीन ग्रॅमही होत नाहीत, चिमूटभरच. वर्षाला त्या ३,६५० झाल्या आणि त्यांची जवळजवळ अर्धा किलो चरबी होते. अर्धा किलो म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण चार किलोच्या देहावर अर्धा किलो म्हणजे चौसष्ट किलोच्या माणसावर आठ किलो. आमच्या बोक्याने पाच वर्षांत अडीच किलो वाढविले, ते याच चिमटीने.

मांजर लठ्ठ आहे की नाही हे काट्यापेक्षा बोटांना लवकर कळते. बरगड्यांवरून हात फिरवावा. हलक्या हाताने बरगड्या मोजता आल्या तर ठीक, दाबावे लागले तर जास्त. वरून पाहिले असता कंबर दिसावी. खाली लोंबणारी कातडी सर्वच मांजरांना थोडीफार असते, तिच्यावरून निकाल देऊ नये.

वजन उतरविण्यात मात्र उतावीळपणा घातक आहे. माणसाला एकादशी मानवते, मांजराला मानवत नाही. लठ्ठ मांजर तीनचार दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात धावते, यकृत तिने भरून जाते आणि कावीळ होऊन मांजर दगावते. म्हणून आठवड्याला देहाच्या शंभराव्या भागाएवढीच घट धरावी. सहा किलोच्या बोक्याला साठ ग्रॅम. साडेचार किलोवर यावयास सहासात महिने लागतात, ते लागू द्यावेत. नवे ओले खाद्य त्याने नाकारले तर "भूक लागेल तेव्हा खाईल" ही आपल्या आयांची नीती येथे उपयोगाची नाही. जुन्यात थोडे थोडे नवे मिसळून, किंचित कोमट करून, दोनतीन आठवड्यांत बदल करावा. ओल्या खाद्याचा येथेही लाभ आहेच. शंभर ग्रॅम कोरड्यात साडेतीनशेहून अधिक कॅलरी असतात, शंभर ग्रॅम ओल्यात ऐंशी ते शंभर. पोट भरते आणि कॅलरी मोजक्याच जातात. किंमत परवडत नसेल तर मोजलेले कोरडे खाद्य पाण्यात भिजवून द्यावे. उन्हाळ्यात ते तासाभरात उचलावे, नाहीतर आंबते.

आता आपल्या घरच्या दूधभाताविषयी. पुष्कळ मंडळी म्हणतील, "आमच्या वाड्यातली मनी दूधभातावर चौदा वर्षे जगली, तिला कधी खडा झाला नाही." आम्ही ते खरे मानतो. फक्त मनी दूधभातावर जगली नाही, ती माळ्यावरच्या उंदरांवर, पालींवर आणि शेजारच्या कोळणीच्या टोपलीवर जगली. दूधभात हा तिचा मधल्या वेळचा फराळ होता. सदनिकेतल्या मांजराला माळा नाही, म्हणून त्याला दूधभात हे जेवण होते, आणि जेवण म्हणून तो वाईट आहे. मांजराला टॉरिन नावाचे अमिनो आम्ल पुरेसे बनविता येत नाही, ते मांसातूनच मिळते. ते कमी पडले तर हृदयाचे स्नायू ढिले पडतात, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८७ साली दाखवून दिले, आणि तेव्हा कारखान्यांचे नामांकित खाद्यही त्यात उणे ठरले होते. भाताने मूत्र अल्कधर्मी होते. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. नुसती उकडलेली कोंबडी रोज देणारे दुसऱ्या टोकाला जातात. हाडाविना मांसात कॅल्शियम नाही, म्हणजे तेही पुरे अन्न नव्हे. सुकट व बोंबील मांजराला प्राणाहून प्रिय, पण मीठ फार असते, तेव्हा नखभरच द्यावे. कांदा-लसूण घातलेला रस्सा मांजराला विषारी आहे, त्याने रक्तपेशी फुटतात.

ज्या घरात मांस शिजत नाही त्या घराने मांजर पाळू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण मांजराला आपल्या स्वयंपाकघराचा धर्म लावू नये. त्याच्यासाठी तयार ओले खाद्य आणावे, त्यावर "संपूर्ण व समतोल आहार" असे लिहिले आहे की नुसता खाऊ आहे ते वाचावे, आणि बशी वेगळी ठेवावी.

आमच्या बोक्याचे खडे स्ट्रुव्हाइटचे निघाले. पशुवैद्यांनी सांगितलेल्या पथ्यावर ते पाच आठवड्यांत चित्रातून दिसेनासे झाले. वजनासाठी आम्ही एक रीत धरली आहे. दर रविवारी बोक्याला घेऊन काट्यावर उभे राहावयाचे, मग त्याला सोडून नुसते आपण उभे राहावयाचे, आणि वजाबाकी कॅलेंडरवर टिपून ठेवावयाची. पहिल्या महिन्यात वजाबाकी नीट उतरेना. शोध घेता घरातल्या त्याच वडीलधाऱ्या बाई दुपारी सर्वांची नजर चुकवून त्याला साय घालीत असल्याचे आढळले. त्यावर घरात थोडी चर्चा झाली. आता सायीची वाटी बंद आहे, दुपारच्या वाटणीतलेच दोन घास बाईंच्या हातून दिले जातात, आणि गेल्या रविवारी वजाबाकी पाच किलो दोनशे ग्रॅम आली. पाणी मात्र तो तीन वाट्या सोडून न्हाणीघरातल्या बादलीतलेच पितो.